आतून वाटतं त्याचं ऐकायचं का, आणि कधी?

निशा_मानेवाडा

नमस्कार. आज नाईट नाही म्हणून निवांत लिहून राहिली आहे, जरा मोठं होईल.

मी नवजात बाळांच्या आयसीयूत स्टाफ नर्स आहे, नागपुरातच, हॉस्पिटलचं नाव राहू द्या. आमच्याकडे बहुतेक दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं, कुणी किलोचं, कुणी सव्वा किलोचं. आमच्या जुन्या सिस्टर्सना एक गोष्ट येते आणि ती नवीन मुलींना शिकवायची कशी हेच मला समजून नाही राहिलं. मॉनिटरवर सगळं नीट असतं, सॅच्युरेशन ९५, हार्ट रेट जागेवर, टेम्परेचर ठीक, आणि तरी वॉर्मरजवळ गेलं की वाटतं, हे बाळ आज बरं नाही. बस्स, एवढंच वाटतं. डॉक्टरांना फोन लावला की पहिला प्रश्न, "सिस्टर, कशावरून?" आणि नेमकं ते "कशावरून" माझ्याजवळ नसतं. मग काही तासांनी कधी सीआरपी (इन्फेक्शनची रक्ततपासणी) वाढलेला येतो, कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते पाहायची तपासणी) पॉझिटिव्ह येतं, आणि कधी काहीच निघत नाही, बाळ मस्त दूध पिऊन झोपतं.

आई म्हणते हा वरून आलेला संकेत. नवरा म्हणतो, खरं निघालं तेवढं लक्षात राहतं, बाकीचं विसरतेस. मला दोन्ही पूर्ण पटत नाही. माझा प्रश्न साधा आहे. हे जे आतून वाटतं ते नेमकं असतं काय, त्याच्यावर भरवसा कधी ठेवायचा, आणि दुसऱ्याला शिकवता येतं का? माझ्या कामात उशीर परवडत नाही म्हणून विचारते आहे, टाइमपास म्हणून नाही.

शोभाकाकू_महाल

निशा, बाई तुझ्या हाताला यश आहे म्हणून देव सुचवतो तुला. मी तर म्हणेन याची चिरफाड करूच नये. माझ्या सासूबाई अंगणात उभ्या राहून आभाळाकडे पाहायच्या आणि म्हणायच्या पापड उचला गं, आज येतो तो, आणि यायचाच. कुठे शाळेत गेल्या होत्या त्या? मलाही माणूस उंबरठ्यात उभा राहिला की कळतं कसा आहे ते. वरच्या दोन खोल्या भाड्याने देतो ना आम्ही, आजवर माझं मन मानेल त्यालाच दिल्या.

प्रशांत_०७१२

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो, हा माझा आवडता विषय आहे, त्यामुळे मोठं लिहिणार.

निशाताई, तुमच्याच कामावर संशोधन झालेलं आहे. अमेरिकेत गॅरी क्लाइन नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांच्यासोबतच्या बेथ क्रँडल यांनी नवजात बाळांच्या आयसीयूतल्या अनुभवी नर्सेसच्या मुलाखती घेतल्या होत्या. ह्या नर्सेस रिपोर्ट यायच्या आधीच बाळाला इन्फेक्शन होतंय हे ओळखायच्या. विचारलं कसं ओळखता, तर उत्तर तुमच्यासारखंच, पाहिलं की कळतं. मग एकेक प्रसंग धरून खोदून खोदून विचारलं, त्या दिवशी काय दिसलं, आदल्या दिवशी काय होतं, हात लावल्यावर काय वाटलं, तेव्हा खुणांची मोठी यादी निघाली. त्यातल्या कित्येक खुणा त्या काळच्या वैद्यकीय पुस्तकांत नव्हत्याच, आणि काही तर मोठ्या माणसाच्या इन्फेक्शनच्या बरोबर उलट होत्या. मोठा माणूस तापाने चिडचिडा होतो, हे बाळ उलट गप्प पडतं.

क्लाइन यांचं आधीचं काम आगीच्या बंबावरच्या लोकांवर होतं, १९८० च्या दशकातलं. त्यातला एक प्रसंग फार गाजलेला आहे. एका लहानशा घरात मागच्या स्वयंपाकघरात आग. अधिकारी आपली माणसं घेऊन आत गेला, पाणी मारलं, आग दबेना. पुन्हा मारलं, तेच. तो बाहेरच्या खोलीत मागे सरकला आणि एकदम त्याला वाटलं काहीतरी चुकतंय, सगळ्यांना ओरडून बाहेर काढलं, आणि लगेचच ते उभे होते ती जमीन खाली कोसळली. आग खरं तर खालच्या तळघरात होती. तो अधिकारी म्हणे ही माझी अतींद्रिय शक्ती. पण शांतपणे बोलतं केल्यावर तीन गोष्टी निघाल्या, एवढ्या लहान आगीच्या मानाने खोली फार तापलेली होती, आवाज फार कमी होता (जमिनीने दाबून धरला होता), आणि पाण्याला आग दाद देत नव्हती. स्वयंपाकघरातली आग कशी वागते हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं, ही तशी वागत नव्हती. कारण डोक्यात तयार व्हायच्या आधी अंगाला कळलं, एवढंच.

काकू, सासूबाईंचं उदाहरण ह्याच जातीतलं आहे. वाऱ्याची दिशा, उकाडा, मुंग्यांची धावपळ, मातीचा वास, आणि प्रत्येक पावसाळ्यात अंदाज करायची रोज संधी, उत्तर संध्याकाळपर्यंत हातात. शाळा त्यांची अंगणातच भरत होती.

पटावरचा_घोडा

मुलांना बुद्धिबळ शिकवतो, म्हणून ह्याच्यात थोडी भर.

१९७३ मध्ये चेस आणि सायमन ह्या दोघांनी (हो, एकाचं आडनावच चेस होतं) एक प्रयोग केला होता. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवायची, मग झाकायची, आणि आठवेल तशी दुसऱ्या पटावर मांडायला लावायची. मास्टरला पहिल्याच नजरेत साधारण सोळा मोहरे बरोबर मांडता आले, नवख्याला चार. आता ऐका खरी गंमत. तेच मोहरे कसेही विखरून ठेवले की मास्टरचा फायदा जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे मास्टरची स्मरणशक्ती आपल्यापेक्षा वेगळी नाही, त्याला ओळखीचे आकृतिबंध दिसतात, हा किल्लेकोट केलेला राजा, ही अडकलेली प्यादी, असे हजारो. हर्बर्ट सायमन, ज्यांना १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांचं म्हणणंच असं होतं की अंतःप्रेरणा म्हणजे ओळख, त्याहून जास्त नाही आणि कमीही नाही.

आपल्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बटुमीला बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप काढला, फायनलला समोर कोनेरू हंपी, निकाल रॅपिडच्या (कमी वेळाच्या डावांच्या) टायब्रेकमध्ये लागला. त्या वेळात सगळे फाटे मोजत बसायला कुणाला फुरसत असते? चांगल्या दोन-तीन चाली आधी डोळ्यासमोर येतात, मोजणी त्यांचीच होते. माझ्याकडची पोट्टी विचारतात सर, तिला कसं सुचलं. सुचलं नाही रे, दिसलं. आणि ते दिसायच्या मागे लहानपणापासूनचे हजारो डाव आणि प्रत्येक हरलेल्या डावाचं विश्लेषण आहे.

काटोलचा_संत्रावाला

मी संत्र्याच्या बागा उक्त्या घेतो, काटोल-नरखेडकडे. वाचून राहिलो तर वाटलं आपल्याले बी सांगता येईल.

बाग घ्याची म्हणजे माल झाडावर असतानाच सौदा कराचा, इसार द्याचा. फळ कोण मोजते? दोन-तीनशे झाडं असते, एकेका झाडावर पाचशेपासून दीड हजारावर फळं. मी बागेत चक्कर मारतो आन् सांगतो, यंदा इतके हजार निघन. माह्या पोरानं पाह्यलं तर त्याले निम्मेच दिसते. काहून, तर तो बाहेरून पाह्यते. मी झाडाच्या आत शिरतो, खोडाजवळ उभा राहून वर पाह्यतो, आतल्या फांद्या किती वाकल्या, पानाचा रंग कसा आहे, कोळशी आली का, बुडात डिंक्या दिसते का (दोन्ही झाडाचे रोग), मागच्या सालचं ओझं किती होतं, खाली गळ किती पडली. पन हे मी आत्ता तुमाले लिहून राहिलो म्हणून एकेक आठवते. बागेत असतो तवा काहीच आठवत नाही, सरळ आकडा येते.

आन् माहा आकडा बहुतेक वेळा जवळ येते, कारण की तोडा झाला का माल मोजूनच कॅरेटात भराचा असते. माहा अंदाज काय आन् निघाले किती, दर बहाराले, म्हणजे दर हंगामाले, हिशोब समोर. आंबियाचा वेगळा, मृगाचा वेगळा. चुकलो तर घरचा पैसा जाते, त्याच्यामुळं चूक विसरता येत नाही.

पन एक गोष्ट सांगतो. भाव काय लागन, त्याचा माहा अंदाज काहीच कामाचा नाही. तितकीच वर्सं कळमन्याच्या मार्केटात जाऊन राहिलो, पन भाव म्हणजे पंजाबचा किन्नू किती येते, बांगलादेशानं ड्युटी किती लावली, पाऊस कुठं पडला, ह्याच्यावर आहे. आतून तर तेव्हा बी वाटते, तेवढ्याच जोरानं वाटते, का यंदा भाव चढन. पन मी त्या वाटण्यावर इसार वाढवत नाही.

प्रशांत_०७१२

भाऊ, तुम्ही शेवटच्या परिच्छेदात जे लिहिलं त्यावर दोन मोठ्या माणसांनी काही वर्षं वाद घालून एक लेख लिहिलेला आहे. एका बाजूला वरचे क्लाइन, ज्यांचा अनुभवी माणसाच्या अंतःप्रेरणेवर विश्वास. दुसऱ्या बाजूला डॅनियल कानमन, २००२ चे नोबेलवाले, ज्यांचं आयुष्य माणसाचे अंदाज कसे फसतात हे दाखवण्यात गेलं, मार्च २०२४ मध्ये ते वारले. दोघं भांडणार असं सगळ्यांना वाटलं होतं, पण त्यांनी २००९ मध्ये मिळून लिहिलं आणि दोन अटींवर त्यांचं एकमत झालं. पहिली, ज्या जगाचा अंदाज करायचा त्यात नियम असला पाहिजे, खुणा खरोखर परिणामाशी बांधलेल्या पाहिजेत. दुसरी, त्या खुणा शिकायला भरपूर सराव आणि लवकर, स्पष्ट उत्तर मिळालं पाहिजे. दोन्ही असेल तर आतून आलेल्यावर भरवसा ठेवा. दोन्हीतली एक जरी नसेल तर तो नुसता आत्मविश्वास आहे.

आणि त्यांनी आणखी एक गोष्ट मांडली जी मला सगळ्यात मोलाची वाटते. एकाच माणसाचं एकाच धंद्यातलं एक वाटणं खरं आणि दुसरं पोकळ असू शकतं, आणि आतून दोन्ही सारखीच लागतात. फळांचा आकडा आणि कळमन्याचा भाव, हे इतकं नेमकं उदाहरण मी आजवर वर्गात दिलं नव्हतं, आता देईन. किती जोरात वाटतं ह्यावरून काहीच ठरत नाही, ते कुठे शिकलं गेलं ते पाहायचं.

ऑप्शन_वाला_सदर

ट्रेडिंगमध्ये पण असतं की हे. मी चार्ट पाहतो, मला कळतं आता फिरणार. स्क्रीन टाइमने येतं ते. उत्तर तर पाच मिनिटात मिळतं, मग दुसरी अट पूर्ण होते ना?

प्रशांत_०७१२

दुसरी होते, पहिली नाही. पाच मिनिटात उत्तर मिळतं खरं, पण कशाचं उत्तर? तुमची खूण बरोबर होती म्हणून वर गेलं की नुसतंच गेलं, हे त्यातून कळत नाही. नियम नसलेल्या ठिकाणी लवकर मिळालेलं उत्तर उलट खोटी शिकवण देतं. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले होते, फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये २०२१-२२ ते २०२३-२४ ह्या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात, सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. ह्यातल्या कितीतरी लोकांना तुमच्यासारखंच कळत असणार. मी तुम्हाला टोचून नाही बोलत, खरंच काळजीने सांगतो, ह्या वाटण्यावर घरचा पैसा लावू नका.

मीनल_एचआर

माझं रोजचं काम माणसं निवडणं. आणि खरं सांगते, कॅंडिडेट दारातून आत येऊन खुर्चीवर बसेपर्यंत माझा निर्णय झालेला असतो, पुढची वीस मिनिटं फक्त पक्कं करण्यात जातात. आमचे सीनियर पण हेच म्हणतात की अनुभवाने माणूस वाचता येतो. हे मग कोणत्या खात्यात?

प्रशांत_०७१२

मीनल, विचार करा, तुम्हाला उत्तर कधी मिळतं? निवडलेला माणूस कसा निघाला ते वर्षभराने, तेही दुसऱ्या डिपार्टमेंटमध्ये. आणि ज्याला परत पाठवलं तो कसा निघाला असता ते कधीच नाही. अर्धं उत्तर कायम झाकलेलं.

कानमन स्वतः १९५० च्या दशकात, विशीतला पोरगा असताना, इस्रायली सैन्यात हेच काम करत होते. अधिकारी व्हायला आलेल्या जवानांना एक लांब ओंडका देऊन भिंत पार करायला सांगायचे, ओंडका भिंतीला लागला नाही पाहिजे, आणि हे लोक बाजूला उभं राहून पाहायचे की कोण पुढे होतो, कोण चिडतो, कोण हार मानतो. पाहिल्यावर इतकं स्पष्ट वाटायचं की ह्यात शंकाच नाही. मग काही महिन्यांनी ट्रेनिंग स्कूलमधून निकाल यायचे आणि दिसायचं की यांचे अंदाज छापा-काट्याहून फारसे बरे नाहीत. तरी पुढची तुकडी आली की पुन्हा तेवढंच स्पष्ट वाटायचं. निकाल माहीत असूनही वाटणं तसूभर कमी झालं नाही, हा त्या अनुभवाचा गाभा आहे.

पुढे त्यांनी भरतीच्या मुलाखतीची पद्धत बदलली. सहा गुण ठरवले, प्रत्येकावर ठरलेले साधे प्रश्न, वागण्याबद्दलचे, मतांबद्दलचे नाही, आणि एक गुण संपवून आकडा टाकल्याशिवाय दुसऱ्यावर जायचं नाही. मुलाखत घेणारे भयंकर चिडले, म्हणाले आम्हाला यंत्र करून टाकताय. त्यांच्या समाधानासाठी शेवटी एक गोष्ट ठेवली, सगळं झाल्यावर डोळे मिटा, तो जवान डोळ्यासमोर आणा, आणि तुमच्या मनाचा एक आकडा द्या. तपासल्यावर दिसलं की बेरजेचा आकडा आधीपेक्षा बराच चांगला निघाला, आणि तो डोळे मिटून दिलेला आकडासुद्धा तितकाच चांगला निघाला! म्हणजे आतला आवाज बंद नाही करायचा, त्याला सगळ्यात शेवटी बोलू द्यायचं, समोर माहिती आल्यावर. आधी बोलू दिलं की तो माहितीच येऊ देत नाही.

भीमचौक_उत्तर_नागपूर

मला काकूंशी बोलायचं आहे, रागाने नाही.

काकू, तुम्ही लिहिलं मन मानेल त्यालाच खोल्या देता. मी आणि माझी बायको, दोघंही नोकरीवाले, ह्या शहराच्या चांगल्या चांगल्या भागात घर पाहत फिरलो. फोनवर सगळं पक्कं व्हायचं. दारात गेलं, आडनाव विचारलं, की चेहरा बदलायचा आणि दोन दिवसांनी निरोप यायचा, "तसं काही नाही हो, पण मन मानत नाही." त्या माणसांना तेव्हा खरंच आतून तसं वाटत असणार, ते खोटं बोलत होते असंही मी म्हणत नाही. पण ते वाटणं आमच्या वागण्यातून आलेलं नव्हतं, आम्ही तर अजून बोललोही नव्हतो. ते त्यांच्या घरात लहानपणापासून जे ऐकलं त्यातून आलं. आणि आम्ही भाडेकरू म्हणून कसे आहोत हे त्यांना कधीच कळणार नाही, कारण त्यांनी आम्हाला घर दिलंच नाही. प्रशांत सरांनी वर लिहिलं ना अर्धं उत्तर झाकलेलं, ते अर्धं उत्तर म्हणजे आम्ही.

जे आपोआप वाटतं ते खोलवरून येतं हे मान्य, पण खोलवर काय काय भरून ठेवलेलं आहे हे पण पाहिलं पाहिजे.

काटोलचा_संत्रावाला

खरं बोलले भाऊ.

शोभाकाकू_महाल

बाबा, तुझं वाचून मी दुपारभर विचार करत बसले. तुझं म्हणणं मला पटतं. मी आडनाव कधी विचारलं नाही असं मला वाटतं, पण मन कशावर मानतं हे मी कधी तपासलं नाही हेही खरं. पुढच्या वेळी आधी ठरवून घेईन काय काय पाहायचं, नोकरी, आधीच्या घरमालकाचा फोन नंबर, भाडं वेळेवर द्यायचे का, आणि मग बाकीचं.

पण एक विचारू का सगळ्यांना? मुली रात्री-बेरात्री कामावरून येतात. त्यांना मी नेहमी सांगत आले की कुणाबद्दल जरा जरी वाटलं की हा बरा नाही, तर तिथून निघायचं, कारण शोधत बसायचं नाही. हे पण चुकीचं का मग?

अस्मिता_समुपदेशक

काकू, हे अजिबात चुकीचं नाही, आणि मुद्दाम वेगळं करून सांगते. इथे प्रश्न आपला अंदाज किती बरोबर निघतो ह्याचा नाही, चुकला तर कुणाचं काय जातं ह्याचा आहे. ऑटोत बसल्यावर नको वाटलं, व्हरायटी चौकात उतरले, दुसरा ऑटो केला. अंदाज चुकीचा असेल तर शंभर रुपये आणि दहा मिनिटं गेली, समोरच्याचं काही बिघडलं नाही. बरोबर असेल तर जीव वाचला. अशा जागी कारण न मागता निघून जावं. पण त्याच वाटण्यावरून कुणाचं घर, नोकरी, मार्क ठरणार असतील तर कारण मागितलंच पाहिजे, स्वतःलाच.

आणि माझ्याकडे येणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न असतो की ही माझी अंतःप्रेरणा आहे की एन्झायटी? दोन्हीत छाती धडधडते, पोटात गोळा येतो, त्यामुळे शरीरावरून फरक करता येत नाही. मी त्यांना विचारते, हे समोरच्या कुठल्या गोष्टीला चिकटलेलं आहे का? आजच्या ह्या माणसाच्या, ह्या खोलीच्या, ह्या बाळाच्या? की कुठेही गेलं तरी तेच वाटतं, तेच "काय झालं तर" डोक्यात फिरतं? दुसरं असेल तर ते त्या प्रसंगाबद्दल काही सांगत नाही, तुमच्या थकलेल्या मनाबद्दल सांगतं, आणि त्याच्यावर उपाय वेगळा आहे.

रोहित_मिहान

पत्त्यांचा प्रयोग कुणीच कसा नाही आणला? १९९७ चा, बेकारा आणि दामासिओ ह्यांच्या टीमचा. चार गड्ड्या, दोन मोठी बक्षिसं देणाऱ्या पण शेवटी बुडवणाऱ्या, दोन लहान बक्षिसांच्या पण फायद्याच्या. तळहाताचा घाम मोजत होते. दहा-एक पत्ते झाल्यावरच वाईट गड्डीकडे हात जाताना घाम वाढायला लागला, आणि लोकांना तोंडाने नीट सांगता आलं ते ऐंशीव्या पत्त्याच्या सुमारास. शरीराला मनाच्या आधी कळतं ह्याचा पुरावाच आहे हा.

प्रशांत_०७१२

प्रयोग सुंदर आहे, पण पुरावा म्हणताना जपून. २००४ मध्ये माइया आणि मॅक्लेलँड ह्यांनी तोच खेळ घेतला, फक्त प्रश्न जास्त बारकाईने विचारले, तर दिसलं की लोकांना कोणती गड्डी चांगली हे बरंच आधी माहीत असतं. "का वाटतं?" असं ढोबळ विचारलं की लोक गप्प बसतात, "किती मिळालं, किती गेलं, उरलं काय" असं विचारलं की सांगतात. माझ्या मते निशाताईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

पेड्स_रेसिडेंट

निशा सिस्टर, मी ह्याच शहरात बालरोग विभागात रेसिडेंट डॉक्टर आहे, रात्री तीन वाजता "कशावरून" विचारणारा मीच.

कशावरून हा प्रश्न आम्ही टाळायला नाही विचारत, वरच्यांना मलाही तेच सांगावं लागतं. पण तुम्हाला दोन गोष्टी सांगतो. सिडनीच्या लिव्हरपूल हॉस्पिटलने १९९० मध्ये इमर्जन्सी टीम सुरू केली, बोलावायचे निकष ठरवले, नाडी इतकी, श्वास इतका, बीपी इतका, आणि त्यातच एक निकष असा ठेवला की स्टाफला पेशंटची काळजी वाटते. बस्स, तेवढ्यावर टीम बोलवायची. नंतर जगभर बऱ्याच ठिकाणी हे घेतलं गेलं. म्हणजे तुमचं वाटणं हा सुद्धा एक निकष आहे, फोन करायला तेवढं पुरेसं आहे, करत जा.

दुसरं, अॅपगार स्कोअर, जन्मल्याबरोबर बाळाला देतो ते गुण, आपण रोज लिहितो. १९५२ पर्यंत बाळ बरं आहे की नाही हे प्रत्येकजण आपल्या नजरेनेच सांगायचा. व्हर्जिनिया अॅपगार मॅडमनी, त्या भूलतज्ज्ञ होत्या, पाच गोष्टी धरल्या, हार्ट रेट, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिक्रिया, रंग, प्रत्येकाला शून्य ते दोन. अनुभवी लोकांची नजर जे पाहत होती तेच कागदावर आणलं, आणि त्यामुळे कालची नवीन सिस्टर पण एका मिनिटात सांगू शकते. मला वाटतं तुमच्या वॉर्डातल्या जुन्या सिस्टर्सनी हेच करावं, आणि मी मदतीला तयार आहे.

निशा_मानेवाडा

सगळ्यांचे मनापासून आभार. ड्युट्या चालू होत्या म्हणून मध्ये आले नाही, पण वाचत होते, आणि एक गोष्ट करून पाहिली ती सांगते.

प्रशांत सरांनी लिहिलं तसं "का वाटतं" हे विचारणंच सोडलं. आमच्या सगळ्यात जुन्या सिस्टर आहेत, त्यांच्या मागे उभी राहिले आणि लहान लहान विचारत गेले. त्या एका बाळाचा डायपर बदलत होत्या, म्हणाल्या हे आज गप्प आहे गं. मी विचारलं काल डायपर बदलताना काय करत होतं? त्या थांबल्या, मग म्हणाल्या, काल पाय वर ओढत होतं, टाच धरली की सोडवून घ्यायचं, आज पाय दिला तसा दिला. अजून? पोट हाताला गरम, पण तळपाय गार. अजून? मांडीवर जाळीसारखे डाग, लाइट थोडा तिरपा केला की दिसतात. अजून? नळीने दूध दिल्यावर ओठ हलवायचं, आज हलवलं नाही. ह्यातलं एकही मॉनिटरवर दिसत नाही. आणि सगळं कालच्याशी ताडून पाहिलेलं आहे, म्हणजे ज्या सिस्टरने ते बाळ काल पाहिलंच नाही तिला हे वाटणार तरी कसं? आमच्याकडे बेड रोज बदलून देतात. हे मी इन्चार्ज मॅडमशी बोलले, शक्य तिथे तेच बाळ त्याच सिस्टरला सलग द्यायचं असं ठरून राहिलं आहे.

नवऱ्याचा मुद्दा राहिला, की बरोबर निघालेलंच लक्षात राहतं. सर, ह्याच्यावर काही आहे का?

प्रशांत_०७१२

आहे, आणि तुमच्या यजमानांचा मुद्दा खरा आहे. बारूख फिशहॉफ ह्यांनी १९७० च्या दशकात, निक्सन चीन आणि रशियाला जाणार होते त्याआधी, लोकांकडून अंदाज लिहून घेतले, अमुक होईल ह्याची शक्यता किती, तमुक होईल ह्याची किती. दौरे झाल्यावर त्याच लोकांना विचारलं, तुम्ही तेव्हा काय लिहिलं होतं आठवा. जे घडलं त्याला आपण आधीपासून जास्त शक्यता दिली होती असं बहुतेकांना आठवलं. कुणी मुद्दाम खोटं बोलत नव्हतं, आठवणच निकालाप्रमाणे बदलते. त्यामुळे अंदाज निकाल यायच्या आधी कागदावर पाहिजे, दुसरा मार्ग नाही. काटोलच्या भाऊंचा इसार म्हणजे तेच की, आकडा आधी बोललेला, मागे फिरवता येत नाही.

निशा_मानेवाडा

मग असं करते. हॅंडओव्हरच्या वहीत एक रकाना वाढवते. वेळ, कोणतं बाळ, काय वेगळं वाटलं, कालच्यापेक्षा काय बदललं, आणि शेवटचा रकाना रिकामा, तो अठ्ठेचाळीस तासांनी कल्चरचा रिपोर्ट आला की भरायचा. काही नाही निघालं तरी लिहायचं, तेच जास्त महत्त्वाचं. नवीन मुलींनी पण लिहायचं, त्यांचं वाटणं सुरुवातीला चुकेल, चुकू दे, उत्तर समोर येत राहिलं तर शिकतील.

डॉक्टर, तुमच्या मदतीची मला गरज आहे. कोणत्या खुणा ठेवायच्या, कोणत्या गाळायच्या हे वहीत बऱ्यापैकी नोंदी झाल्यावर बसून ठरवू या का?

पेड्स_रेसिडेंट

नक्की. फक्त एक विनंती, वही भरते म्हणून फोन करायला उशीर नको. आधी फोन, मग वही.

मीनल_एचआर

निशा, तुझा रिकामा रकाना मी पण उचलते आहे. उद्यापासून प्रत्येक इंटरव्ह्यूनंतर माझा आकडा आणि कारण लिहून पाकिटात बंद, एक वर्षाने उघडायचं, आणि आकडा प्रश्न संपल्यावरच टाकायचा. प्रशांत सर, ते सहा गुण कसे निवडायचे, आपण अकाउंट्ससाठी माणूस शोधत असू तर? जमलं तर त्याच्यावर लिहा.

प्रशांत_०७१२

लिहितो. थोडक्यात आत्ता एवढंच, एकमेकांत न मिसळणारे गुण घ्या आणि प्रत्येकासाठी झालेल्या गोष्टीबद्दल विचारा. "तुम्ही काटेकोर आहात का" असं नाही, "मागच्या नोकरीत ताळेबंद जुळला नाही तेव्हा काय केलं, कुणाला सांगितलं, किती वेळ लागला" असं. सविस्तर रविवारी टाकतो.